दाजींच्या गाडीला माघार नव्हती

पुढे जाणारी माणसे जगात ढिगाने सापडतात. अजिबात मागे न जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि देवाच्या कृपेने तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या अक्काचा नवरा. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मी दाजी म्हणू लागलो, आणि माझे ऐकून आळेफाट्यापासून मंचरपर्यंतचे चहावाले, पंक्चरवाले, आडते आणि कंडक्टर सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. एका बायकोच्या जोरावर एवढ्या मोठ्या मुलखाचा दाजी झालेला दुसरा गृहस्थ माझ्या ऐकिवात नाही.

आळ्याजवळ त्यांची चांगली बागायत होती. कांदा, बटाटा, टोमॅटो, आणि वेळ उरला तर इतरांना सल्ला. अंगाने उंच, मिशा भरदार, चालताना छाती अर्धा हात पुढे. हा माणूस चालता चालता एखादे दुकान ओलांडून गेला तर वळून मागे येत नसे. मंचरच्या बाजारात एकदा भेळवाला मागे पडला. मी म्हटले, दाजी, चार पावले तर आहेत. दाजींनी माझ्याकडे दयेने पाहिले आणि मला घेऊन सबंध बाजाराला वळसा घातला. बटाट्याची आडत, चपलांची ओळ, बैलांच्या घुंगरमाळा, पुन्हा बटाट्याची आडत असे करत आम्ही समोरून भेळवाल्याकडे पोचलो, तेव्हा तो गाडा झाकून घरी निघाला होता. "बघा," दाजी म्हणाले, "आपल्या नशिबात नव्हतीच. मागं फिरलो असतो तर उगं खावी लागली असती." माझ्या लग्नात पहिल्या वाढीला ते श्रीखंडाला "नको" म्हणून बसले. नंतर सगळी पंगत वाट्या चाटत असताना हे गृहस्थ त्या पातेल्याकडे दुसऱ्याच्या शेतातल्या पिकाकडे पाहावे तसे पाहत राहिले, पण शब्द मागे घेतला नाही. आणि महादेवाच्या देवळात तर त्यांची खरी पंचाईत व्हायची. बाकीच्या देवांना पुरी प्रदक्षिणा असते, गोल फिरले की झाले. महादेवाची मात्र अर्धी. पन्हळीपाशी जायचे आणि आल्या वाटेने उलटे फिरायचे. दाजी भीमाशंकरला दरवर्षी जात, समोरून हात जोडत आणि प्रदक्षिणा न घालता बाहेर पडत. गुरवाने एकदा विचारले तर म्हणाले, "देवाला आमचा सोभाव म्हाईत हाय."

अशा माणसाला साधी जीप मानवणे शक्यच नव्हते. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे एक होती. ती ते एकाच गेरमध्ये चालवत, कारण क्लच दाबणे म्हणजे घटकाभर का होईना गाडीला 'थांब' म्हणणे, असे त्यांचे मत. शिवाय डावा गुडघा दुखायचा. मग एका वर्षी टोमॅटोने हात दिला आणि दाजी कुणाला न सांगता मुंबईला गेले. परतले ते एका अवाढव्य, परदेशी बनावटीच्या, वांग्याच्या रंगाच्या जुन्या गाडीत बसून. कुणी साहेब कायमचा परदेशी निघाला होता, त्याची होती. असली गाडी तेव्हा आमच्याकडे टीव्हीतच दिसायची. आख्खे गाव गोळा झाले. दाजींच्या चुलत्यांनी, आण्णांनी, दार उघडून आत डोके घातले, बराच वेळ पायांच्या जागी पाहिले, आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर आले. तिसरे पायडल नव्हते. "काढून घेतलंय रं," आण्णा म्हणाले, "फसवलं तुला मुंबईवाल्यांनी." गर्दीत हळहळ पसरली. दाजी बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "आण्णा, ही ऑटोमॅटिक हाय. गेर तिचं ती टाकती. आजपासून डाव्या पायाला पेन्शन."

गेर तिचे ती टाकायची हे खरे, पण तिच्या मर्जीने. सकाळी थंडीत गेरचा दांडा ओढला की इंजिन डरकाळी फोडायचे आणि गाडी जागची हलायची नाही. "विचार करतीय," दाजी सांगायचे. मग विचार पक्का झाला की मागून म्हशीने ढुशी द्यावी तशी ती पुढे उसळायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा काही हिसका बसायचा की आत बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम खाली. दाजींनी अभ्यास करून तो हिसका गावच्या मुक्ताईच्या देवळासमोर यावा अशी सोय केली होती. फाट्यावरून अमुक वेगाने निघायचे, शाळेपाशी पाय थोडा उचलायचा, आणि देऊळ आले की आत बसलेले नास्तिकसुद्धा नमस्कार करून मोकळे व्हायचे. चढावर गाडी तापली की इंजिन ओरडायचे पण चाकांना ते ऐकू जायचे नाही. मग डिंभ्याच्या धरणाकडे तोंड करून ती उभी करायची, भाकरी सोडायची, आणि पाण्याकडे हात करून दाजी म्हणायचे, "ही जागा बघायची म्हणूनच थांबलो." त्या जागा आम्ही इतक्यांदा पाहिल्या की धरणात पाणी किती आहे हे पाटबंधारे खात्याच्या आधी आम्हाला कळायचे. रोज सकाळी ते गेरबॉक्सच्या तेलाची सळई काढून वास घ्यायचे, बायका भाताचा घेतात तसा. "करपलं न्हाई अजून," असे जाहीर करून मगच चहा.

आळेफाट्याच्या मेस्त्रीने खालून एकदा पाहिले आणि तो लगेच बाहेर आला. "दाजी, मी उघडीन," तो म्हणाला, "पण बंद कोण करनार ते आधी ठरवा." म्हणून आम्ही पुण्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे बाकावर ह्याच जातीच्या गाड्यांचे मालक दवाखान्यातल्यासारखे ओळीने बसले होते. एकाची गाडी सिग्नलला आचके द्यायची. एकाची तिसऱ्यात गेली की तिथेच झोपायची. एकाला तर करपल्याचा वास झोपेतसुद्धा यायचा. कुणाचे सुरू झाले की बाकीचे माना हलवायचे, "आमचंही असंच सुरू झालं होतं," म्हणायचे, आणि नवा आलेला पांढरा पडायचा. दाजी मात्र लग्नघरात आल्यासारखे खुलले. तिथेच त्यांना मंचरचे शेठ भेटले. शेठ कापडाचे व्यापारी, आजोबा राजस्थानातून आलेले, पण बोलणे अस्सल मंचरचे. त्यांच्याकडेही अशीच गाडी होती आणि तिचे दुखणे बरोबर उलटे होते. गार असताना ती पुढे जायचीच नाही, मागे मात्र हरणासारखी जायची. शेठ रोज सकाळी दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत उलटे जात आणि तिथून सरळ होत. "लोक हसतात, दाजी," शेठ म्हणाले. "पण गिऱ्हाइकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसतो." त्या दिवसापासून दोघांची अशी गट्टी जमली की फोनवर आधी गेरबॉक्सची तब्येत विचारायचे, मग घरच्यांची.

आणि एका भीमाशंकरच्या फेरीनंतर दाजींच्या गाडीचा रिव्हर्स गेला.

मी शेजारीच होतो. मंचरच्या बाजारात दाजींनी दांडा मागच्या गेरमध्ये टाकला, पाय दाबला, इंजिन गरजले, गाडी ढिम्म. दाजी उतरून मागे गेले, काही आडवे आले आहे का ते वाकून पाहिले. काही नव्हते. परत येऊन बसले आणि विलक्षण शांतपणे म्हणाले, "पावणं, आपल्याला तरी कुठं मागं जायचंय."

दुसरा कुणी असता तर रडला असता. पुण्याच्या वर्कशॉपने सांगितलेही की गेरबॉक्स उघडावा लागेल, पण रिव्हर्स येईल. दाजी नाही म्हणाले. उलट गाडी आता कुठे आपल्या वळणावर आली, अशा अभिमानाने त्यांनी सगळा संसार तिच्याभोवती नव्याने मांडला. गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायची. आमच्या जुन्नरच्या बोळात शिरायचे नाही. गाडी हमरस्त्यावर, दाजी पायी. घराच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडून दुसरे फाटक केले, म्हणजे गाडी पुढून आत, गोठ्यातून बाहेर. हॉर्न वाजला की म्हैस आपणहून उठून वाट द्यायची. अक्का, जी दाजींच्या मिशांपासून मतांपर्यंत कशालाही सोडत नसे, ती ह्या एका गोष्टीवर चकार शब्द बोलत नसे, ह्याचे मला नवल वाटे.

आता मंजूबद्दल सांगायला हवे. दाजींची ही एकुलती एक मुलगी. ती परकरात होती तेव्हापासून दाजी सांगत आले होते, की हिला सासरी मी स्वतः माझ्या गाडीतून पोचवणार, आणि गाडी इथून निघाली की हिच्या सासरच्या दारातच थांबणार. मुलीचा बाप वरातीची गाडी हाकत नाही, गाडी नवऱ्याकडची असते, हे सगळ्यांनी सांगून पाहिले. दाजींनी शब्द दिला होता, आणि श्रीखंडाच्या वेळी जो मागे घेतला नाही तो इथे काय घेणार. मंजूचे लग्न ठरले ते घोडेगावच्या पलीकडे, भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका डोंगरातल्या गावात. व्याही भला माणूस, पण दिवस मावळायच्या आत गृहप्रवेश झाला पाहिजे, एवढा त्यांचा एकच हट्ट. "तुमची गाडी वाटंत बसली तर?" त्यांनी सुपारीच्या दिवशी विचारले. दाजी हसले, पण त्या दिवसापासून सळईचा वास सकाळ-संध्याकाळ घेऊ लागले.

लग्न दाजींच्या दारातच झाले. अक्षता पडल्या, जेवणे उठली, मंजू वांग्याच्या रंगाच्या गाडीत जाऊन बसली, गळाभेटी झाल्या, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले की गाडीच्या बरोबर पुढे आचाऱ्याने भट्टी मांडली आहे. दाजींनी गाडी लावली तेव्हा ती जागा मोकळी होती. मागे मात्र भरपूर जागा. व्याही त्यांच्या फुलांनी सजवलेल्या जीपपाशी उभे होते. ते म्हणाले, "दाजी, जरा मागं घ्या न् वळवा. का मागं येतच न्हाई म्हनं ती?" वऱ्हाडात खसखस पिकली. मंजूने मान खाली घातली.

दाजी सावकाश गाडीतून उतरले. फेटा नीट केला.

"आमच्यात," ते म्हणाले, "नवरीची गाडी मागं घेत न्हाईत."

अशी रीत कुणी ऐकली नव्हती, पण माहीत नाही म्हणायची तयारीही कुणाची नव्हती. शेवटी खुर्चीतून आण्णांचा आवाज आला, "व्हय. लई जुनी रीत हाय." दुसरे एक म्हातारे म्हणाले, त्यांच्या आजीच्या वेळी तर बैलसुद्धा मागे सरू द्यायचे नाहीत. बघता बघता ती रीत इतकी प्राचीन झाली की व्याहीच ओशाळले. आचारी बोंबलत होता, कढईत जिलबी होती, पण गड्यांनी कढई उचलली, भट्टीच्या विटा बाजूला केल्या, भट्टीमागच्या कनाती सोडल्या, आणि नवरीची गाडी जिलबीच्या वासातून, खरकट्या पत्रावळींवरून, म्हशीने दिलेल्या वाटेने थेट रस्त्याला लागली. शेठ आपली गाडी घेऊन निरोपाला आले होते. तिचे इंजिन गार असल्यामुळे ते फाट्यापर्यंत आमच्यापुढे गाडी उलटी हाकत, आमच्याकडे तोंड करून हात हलवत राहिले.

पुढे मी बसलो होतो, मागे मंजू, जावई, आणि पाठराखीण म्हणून माझी बायको. व्याह्यांची जीप आमच्या मागे. मंचर गेले, घोडेगाव गेले. दाजी असे चालवत होते की जणू पायाखाली अंडे ठेवले आहे. डिंभे ओलांडून चढ लागला आणि एका अरुंद वळणावर वरून भीमाशंकरची एसटी समोर आली. दोघांपैकी एकाला मागे जाणे भाग होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. दाजींनी दिला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "छोटी गाडी मागं घ्या, भाऊ, नेम हाय." दाजींनी बाहेर मान काढून फक्त बोट मागच्या सीटकडे केले. एसटीतल्या बायकांना मुंडावळ्या दिसल्या आणि आत गलका झाला. नवरी हाय, नवरी हाय. घे की बाबा मागं, पोरगी सासरी चाललीय. कंडक्टर उतरला, शिट्टी वाजवत राहिला, आणि माणसांनी भरलेली एसटी चढावर पार वरच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे गेली. देवदर्शनाहून परतणारे लोक खिडक्यांतून हात जोडत होते. त्यांना वाटले ही कुणी मोठी असामी.

वाट मोकळी झाली. दाजींनी पाय दाबला. इंजिन ओरडले. गाडी हलली नाही.

"विचार करतीय," मी म्हणालो. दाजी हसले नाहीत. पुन्हा पाय दाबला. तापलेला गेरबॉक्स नुसता घरघरला, करपल्याचा वास आला, आणि गाडी वीतभर मागे सरकली. मी दाजींचा चेहरा पाहिला. श्रीखंडाच्या पातेल्यासमोर न हललेला, रिव्हर्स गेला तेव्हा न हललेला तो चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

मागचे दार धाडकन उघडले. माझी बायको शालूचा काचा मारून खाली उतरली, कठड्याचा सुटलेला एक मोठा दगड तिने दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या चाकाखाली दिला. मग दुसरा दुसऱ्या चाकाखाली. तिला एवढा दगड उचलताना मी कधी पाहिले नव्हते. मी उतरून जवळ गेलो तर ती दम खात होती.

"ही गाडी मागं जाता कामा नये," ती म्हणाली. "अक्काच्या लग्नात मीच पाठराखीण होते. कांद्याचा ट्रक होता वरातीला. ओढ्याला पाणी आलं आणि ट्रक माघारी फिरला. रात्री अक्का परत आमच्या दारात. सासरी मग म्हैस आजारी पडली, पीक गेलं, काही झालं की तिला ऐकवायचे, पहिल्याच दिवशी माघारी गेलेली. दाजी तेव्हा थोरल्यांपुढे बोलू शकले नाहीत."

दाजींना हे ऐकू गेले असावे. ते समोर पाहत होते.

ऊन उतरायला लागले होते. बॉनेट उघडून आम्ही गाडीला गार होऊ दिले. ह्या वेळी धरणाकडे कुणीच पाहिले नाही. मग एसटीतले लोक उतरले, व्याह्यांच्या जीपमधले आले, खुद्द व्याही धोतर खोचून गाडीमागे उभे राहिले. मंजूही उतरायला निघाली, तर व्याही म्हणाले, "तू बस, पोरी. नवरी उतरत नसती." दाजींनी दांडा खाली ओढला, आम्ही 'हर हर महादेव' म्हणून रेटा दिला, गाडीने मोठा हिसका दिला, आतल्या माना खाली गेल्या, आणि ती निघाली. पुढे ती थांबली नाही. आम्ही मागून जीपमध्ये लटकत पोचलो तेव्हा डोंगरावर उन्हाची शेवटची किनार होती आणि मंजू माप ओलांडत होती.

दाजी गाडीत तसेच बसून होते. समोर व्याह्यांच्या अंगणाची दगडी भिंत, बॉनेटपासून हातभर. दोन्ही बाजूंना घर आणि गोठा.

"आता ही बाहेर कशी काढायची?" व्याही म्हणाले.

"कशाला काढायची?" दाजी म्हणाले. "पोचली न्हवं."

दुसऱ्या दिवशी ते एसटीने घरी आले. आल्या वाटेने नाही, जुन्नरवरून. अक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने फक्त विचारले, "मधी कुठं मागं?" दाजी म्हणाले, "कुठंच न्हाई." ती आत गेली आणि बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली.

गाडी तिथेच राहिली. लेकीच्या घरी बापाने वरचेवर जाऊन बसावे, ही आमच्याकडची पद्धत नाही. पण जुने इंजिन मधून मधून चालू करावेच लागते, ह्याला कोण काय बोलणार. दाजी एसटीने जायचे, मंजूच्या हातचा चहा प्यायचे, गाडीत बसून इंजिन चालू करायचे, सळईचा वास घ्यायचे. शेठनी आपली गाडी मोडीत काढली तेव्हा तिचा गेरबॉक्स देऊ केला. तिचा रिव्हर्स शेवटपर्यंत उत्तम होता. दाजींनी आभार मानून नको म्हटले. पुढे मंजूची पोरे मागच्या सीटवर वाढली, कोंबड्या सीटखाली अंडी घालू लागल्या, आणि आजोबा स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांना भिंतीतून थेट मुंबईला नेऊन आणू लागले. आणू नव्हे, फक्त नेऊ.

आता दाजी नाहीत. पण आळ्यापासून घोडेगावपर्यंत कुठल्याही लग्नात पाहा, नवरी बसली की गाडी मागे घेत नाहीत. जागा नसली तर मांडव सोडतात. परवा एकाने मला ही रीत पुराणातली असल्याचे समजावून सांगितले. मी मान हलवली.

गेल्या वर्षी आम्ही मंजूकडे गेलो होतो. जावयाला अंगणात ट्रॅक्टरसाठी जागा हवी होती. भंगारवाला आला होता, चाकांत हवा भरून, मागून दोर लावून गाडी ओढून काढू म्हणत होता. दोर बांधूनही झाला होता. मंजू घरातून हात पुसत आली, वांग्याचा रंग उडालेल्या त्या दाराला टेकून उभी राहिली.

"सोड तो दोर," ती भंगारवाल्याला म्हणाली. "आमच्यात नवरीची गाडी मागं घेत न्हाईत."